नापास मेंढ्याची हिरवी टोपी

एका जंगलात रोज पाऊस पडायचा. मुलांनो, हे जंगल आपल्याकडचे नव्हे. ते आयर्लंड नावाच्या बेटावर होते. तिथे चुकून ऊन पडले, तर प्राणी घाबरून एकमेकांना विचारत, "आभाळाला काय झालं?"

अशा जंगलात गवत खूप होते आणि चिखल त्याहून खूप. नुसत्या चिखलाचे करायचे काय, म्हणून तिथले प्राणी रग्बी खेळत.

रग्बी म्हणजे काय ते आधी सांगतो. एक चेंडू असतो. तो गोल नसतो, अंड्यासारखा असतो. त्यामुळे खाली पडला की कुठे उडेल ते त्याचे त्यालाही माहीत नसते. हा चेंडू कवटाळून समोरच्यांच्या हद्दीत धावत जायचे. पण सोबत्याला द्यायचा झाला तर मागे द्यायचा. पुढे दिला की गुन्हा. म्हणजे निघालेले सगळे पुढे, आणि देणेघेणे सगळे मागे. हा नियम कोणी केला ते ठाऊक नाही. खेकड्यावर संशय आहे.

मधूनच शिटी वाजते. मग दोन्हीकडचे दांडगे प्राणी वाकतात, डोक्यांत डोकी अडकवतात आणि एकमेकांना रेटतात. बांधावरून भांडणारे शेजारी असतात ना, तसेच. फक्त इथे आजूबाजूला टाळ्या वाजतात. याला स्क्रम म्हणतात. स्क्रममध्ये पहिल्या रांगेत उभे राहायचे तर डोके चांगले लागते. म्हणजे बाहेरून चांगले. आतले कोणी पाहत नाही.

या जंगलातल्या एका टेकडीवर फिनबार नावाचा तरणा मेंढा राहत होता. त्याचे डोके बाहेरून चांगले होते आणि आतूनही. टेकडीवरच्या प्रत्येक ओहोळाचे नाव त्याला पाठ होते. कोणत्या खडकाआड कोवळे गवत आहे, कोणत्या कोकराचा आजोबा कोणत्या कड्यावरून घसरला, सगळे त्याला सांगता येई. ते तो न विचारता सांगे.

"तुझा बाप जन्मभर 'बॅ' याच्यापुढे गेला नाही," त्याची आई नूला म्हणायची. "तू कुणावर गेलास रे?"

पण मनातून तिला त्याचे बोलणे फार आवडायचे. संध्याकाळी ती चरायचे सोडून त्याचे ऐकत बसायची.

फिनबारला मात्र एकच गोष्ट हवी होती. टोपी.

मुलांनो, आपल्याकडे कोणी कोणाला टोपी घातली तर तो माणूस पोलिसात जातो. तिथे तसे नाही. जो खेळाडू सगळ्या जंगलाच्या वतीने परक्या जंगलाशी खेळेल, त्याला हिरवी मखमली टोपी घालतात. मग त्याचे आईबाप रडतात, शेजारी जळतात आणि गावजेवण होते. टोपी कोणाला घालायची हे निवड समिती ठरवी. समितीत कोल्हा एकटाच होता. त्यामुळे सगळे निर्णय एकमताने होत.

फिनबार टेकडीच्या संघात खेळला, मग जंगलाच्या पश्चिम कोपऱ्याच्या संघात आला. तिथे त्याला रोज ताजे गवत मिळू लागले आणि अंगावर घालायला क्रमांकाचा सदरा मिळाला. आता तो धंदेवाईक खेळाडू झाला होता.

तिथे डोक्यांचा एक नियम होता. धडकेत कोणाचे डोके बिघडू नये म्हणून समितीने बगळ्याला डॉक्टर नेमले होते. मोसमाच्या सुरुवातीला बगळा प्रत्येकाला प्रश्न विचारी. पुढे कोणाच्या डोक्याला मार लागला, की तो तेच प्रश्न पुन्हा विचारी. उत्तरे पहिल्यापेक्षा वाईट आली तर खेळाडू घरी. तशीच आली तर मैदानात.

नियम चांगला होता. चांगल्या नियमाला पळवाट कोणी मुद्दाम करत नाही. पायवाट पडते तशी ती आपोआप पडते.

परीक्षेच्या आधी डोनल रानडुकराने फिनबारला बाजूला घेतले. डोनल संघातला सगळ्यात जुना खेळाडू. त्याचे दोन्ही कान कुस्करलेल्या कोबीसारखे झाले होते.

"काय रे, अभ्यास करून आलास?" डोनलने विचारले.

"हो काका. सगळी उत्तरं येतात."

"मग मेलास. आज जेवढा हुशार दिसशील, तेवढं पुढं दर धडकेनंतर दिसावं लागेल. झेपेल?"

"मग काय करू?"

"आज नापास हो. पहिल्याच दिवशी खाली बसलेला पुढं कुठं पडणार?"

"पण काका, हे खोटं झालं."

"खोटं कसलं? विनम्रपणा म्हण. आपल्यापाशी आहे त्याहून कमी दाखवायचं."

फिनबारला विनम्रपणा आवडायचा. तो आत गेला.

बगळा एका पायावर उभा होता. "आज वार कोणता?" त्याने विचारले.

"हिरवा," फिनबार म्हणाला.

"आपण कुठे उभे आहोत?"

"चिखलात."

बगळ्याने खाली पाहिले. उत्तर अगदीच चूक म्हणता येत नव्हते. "पाचापासून उलटे अंक म्हण."

"पाच, पाच, पाच."

"आता एका पायावर उभा राहा."

इथे मात्र फिनबारला काही सोंग करावे लागले नाही. तो धपकन पडला.

"छान," बगळा म्हणाला. "हेच तुझं माप. पुढचा!"

बाहेर आल्यावर फिनबार आणि डोनल पोट धरून हसले. त्याच वेळी एका सरळमार्गी घोड्याने सगळी उत्तरे बरोबर दिली. तो पहिल्याच धडकेनंतर गुरुवारच्या जागी शुक्रवार म्हणाला आणि कायमचा घरी गेला. तिथे तो म्हणे मुलांना गणित शिकवू लागला. केवढे मोठे नुकसान!

फिनबार मात्र खेळत राहिला. कधी बैलाचे डोके लागले, कधी रेड्याचे, कधी चुकून आपल्याच डोनलकाकांचे. कानात भुंगे फिरत. बगळा धावत येई.

"वार कोणता?"

"हिरवा."

"कुठे आहोत?"

"चिखलात."

"तंदुरुस्त!" बगळा ओरडे, आणि सगळे मैदान टाळ्या वाजवी.

एकदा समुद्रापलीकडून एक गुबगुबीत बोकड आला. त्याने शालीसारखी एक वेल अंगावर घेतली होती.

"आमच्या जंगलात चल," तो म्हणाला. "ऊन आहे, द्राक्षाचे मळे आहेत. दुपारी खेळायचं, संध्याकाळी द्राक्षं खायची."

फिनबारच्या तोंडाला पाणी सुटले. पण बेट सोडून जाणाऱ्याला कोल्हा टोपी घालत नसे. फिनबार ओले गवत खात राहिला.

तेवढ्यात दक्षिणेच्या दूरच्या बेटांवरून एक गवा आला. त्याची मान फिनबारच्या पोटाएवढी होती. तो पाहुणा आहे असे सगळ्यांना वाटले. पण कोल्ह्याचा एक नियम होता, की जो इथे पुरेसा भिजला तो इथलाच. गवा रोज पावसात उभा राहून भिजू लागला. तो स्वभावाने गरीब होता.

"भाऊ, अजून किती भिजू?" तो फिनबारलाच विचारायचा.

आता फिनबारच्या मनात भीती बसली. आपण एक सामना जरी घरी बसलो, तरी आपली जागा गव्याची. म्हणून तो एकही सामना चुकवीना. आणि "हिरवा, चिखलात" म्हणणे त्याला इतके सोपे जाऊ लागले, की म्हणताना आता हसूही येईना.

शेवटी दिवस उगवला. शेजारच्या बेटावरच्या बैलांशी सामना ठरला होता. गवा नेमका ओल्या दगडावरून घसरून लंगडत होता, तरी तो खेळायला तयार होता. कोल्ह्याने जाहीर केले, "पहिल्या रांगेत फिनबार. तो नसेल तर गवा."

फिनबार आईला सांगायला टेकडीवर निघाला. वाटेत एक ओहोळ लागला. फिनबार थांबला. ओहोळाचे नाव त्याच्या जिभेवर होते. ते तिथून पुढे येईना. तो पाण्याकडे बघत राहिला. मग दुसरा ओहोळ आला. त्याचे तर नाव जिभेवरही नव्हते.

घरी नूला दारात उभी होती.

"मावशी," फिनबार म्हणाला, "माझी निवड झाली."

"मावशी?" नूला म्हणाली. "थट्टा करतोस?"

"नाही."

ती जवळ आली. तिने त्याच्या कपाळाला कपाळ लावले. स्क्रममध्ये लावतात तसे नव्हे, हळूच. "तो ओहोळ कोणता रे, आपल्या कुंपणाजवळचा?"

"हिरवा," फिनबार म्हणाला, आणि स्वतःच दचकला. त्याने सोंग केले नव्हते.

मग त्याने परीक्षेची सगळी हकिगत आईला सांगितली.  

"आत्ताच्या आत्ता त्या बगळ्याकडे चल आणि खरं सांग," ती म्हणाली.

"मग टोपी गव्याला मिळेल."

"मिळू दे. टोपी घालायला आधी डोकं लागतं."

"तेवढं आहे," फिनबार म्हणाला, आणि शिंगे हलवून दाखवली.

पण त्यालाही आतून भीती वाटत होती. तो गेला. नूला बगळ्याच्या दाराबाहेर थांबली.

"डॉक्टरसाहेब," फिनबार खाली मान घालून म्हणाला, "मी पहिल्या दिवशी खोटी उत्तरं दिली होती. तेव्हा मला सगळं येत होतं. आता खरंच येत नाही. मला घरी पाठवा."

बगळ्याने दुसरा पाय खाली टेकवला. असे तो फार मोठ्या प्रसंगीच करी.

"म्हणजे तू मला मुद्दाम फसवलंस?"

"हो."

"पुढचा विचार करून?"

"हो."

"आणि ते तुला अजून आठवतं?"

"तेवढंच आठवतं."

"पश्चात्ताप होतोय?"

"फार होतोय."

"वा!" बगळा म्हणाला. "पुढचा विचार शाबूत. आठवण शाबूत. सद्सद्विवेक तर ठणठणीत! या मोसमात इतकं चांगलं डोकं मी पाहिलं नाही. जा, खेळ."

"पण साहेब, मला ओहोळांची नावं..."

"माझ्या प्रश्नांत ओहोळ नाहीत. पहिल्या दिवशी तू 'पाच, पाच, पाच' म्हणणारा मेंढा होतास. आज कबुलीजबाब देतोयस. नियमानं बघितलं तर तुझं डोकं सुधारलंय. रग्बीनं डोकं सुधारतं! यावर मी बगळ्यांच्या परिषदेत बोलणार आहे."

फिनबार बाहेर आला.

"काय म्हणाला?" नूलाने विचारले.

"डोकं सुधारलंय म्हणाला."

"आणि तुला पटलं?"

"डॉक्टर आहे तो, मावशी."

नूला तरातरा आत गेली. ती आत काय काय बोलली ते तुम्हा मुलांना सांगण्यासारखे नाही. बगळ्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "बाई, तुमची उत्तरं मुलापेक्षा भडक आहेत. तुम्हाला खेळता येणार नाही."

सामना झाला. काय सामना झाला म्हणून सांगू! बैल डोंगरासारखे आले. शेवटच्या स्क्रमला फिनबारने खाली मान घातली आणि रेटायला लागला. बैल मागे सरले. आणखी सरले. हद्दीपलीकडे जाऊन उताणे पडले. जंगल जिंकले. शिटी वाजली तरी फिनबार रेटतच होता. आधी त्याने गोलाचा खांब रेटला, मग चहाचा तंबू. शेवटी गव्याने लंगडत येऊन त्याला पाठीमागून धरले.

"भाऊ, झालं. जिंकलो आपण," गवा म्हणाला.

"कोण आपण?" फिनबारने विचारले.

लोकांना वाटले, केवढा हा नम्र!

लगेच समारंभ झाला. कोल्हा टोपी घेऊन दगडावर चढला. त्या जंगलाची रीत अशी, की टोपी घालून घेण्याआधी खेळाडूने आपल्या आईचे नाव मोठ्याने सांगायचे. मग ते नाव खेळाडूच्या नावाशेजारी दगडावर कोरतात, कारण जन्माचे श्रेय समितीला घेता येत नाही.

"फिनबार," कोल्हा म्हणाला, "सांग. कोणाचा मुलगा?"

फिनबारने तोंड उघडले. तोंड उघडेच राहिले. सगळे जंगल कान देऊन उभे होते. तो एकेका चेहऱ्याकडे बघत होता. त्याचे डोळे भरून आले.

"बघा, बघा!" कोल्हा गहिवरून ओरडला. "आईच्या आठवणीनं शब्द फुटत नाही!"

अर्धे जंगल रडू लागले. डोनलकाकांनी कोबीच्या कानांनी डोळे पुसले. पण नाव आल्याशिवाय टोपी घालता येत नव्हती. 

तेव्हा गर्दीतून एक म्हातारी मेंढी पुढे घुसत ओरडली, "नूला म्हण, मेल्या!"

फिनबारचा चेहरा उजळला. परीक्षेत कोणीतरी उत्तर सांगितल्यावर उजळतो तसा.

"नूला म्हण मेल्या!" तो मोठ्याने म्हणाला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. कोल्ह्याने टोपी घातली. सुतारपक्ष्याने ऐकले तसे दगडावर कोरले. आजही तिथे जाणाऱ्याला वाचता येते : फिनबार, नूला म्हण मेल्या हिचा मुलगा.

गर्दी पांगली. मेंढी फिनबारपाशी आली आणि त्याच्या शिंगाला धरून टेकडीच्या वाटेला लागली.

"तुम्ही चांगल्या आहात," फिनबार तिला म्हणाला. "तुम्हाला मुलं आहेत का?"

"एक आहे," नूला म्हणाली. "फार बोलायचा."

"मग मला त्याच्या गोष्टी सांगा ना."

आणि ती पहिल्या ओहोळापाशी थांबून, त्याचे नाव घेऊन सांगू लागली.

तात्पर्य : खोटे बोलणे वाईट नाही, मुलांनो, घाई वाईट. खोटे बोलून धीर धरावा. ते आपोआप खरे होते.