गुलाबराव काकांची पक्की खबर

आमच्या सौंसरच्या गल्लीत सकाळी नळाच्या आधी गुलाबराव काकांची खबर येते. वीज खात्यातून निवृत्त झालेला हा गृहस्थ तोंडात ब्रश धरून एका अंगठ्याने गल्लीच्या ग्रुपवर मजकूर ढकलतो आणि मगच चूळ भरतो. खाली त्यांची स्वतःची ओळ असतेच : 'पक्की खबर. आतून आली.'

कोणाच्या आतून, हे विचारायचं नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "मॅडम, तुमी शायेत शिकवता, म्हणून तुमाले सगळ्याचा पुरावा लागते."

निवडणूक लागली की काकांच्या अंगठ्याला उसंत नसते. मत न देणाऱ्याचं गॅस कनेक्शन कापणार, ही खबर त्यांची. बोटाची शाई आठवड्याच्या आत उतरली तर मत रद्द, हीसुद्धा त्यांचीच. ती वाचून माझ्या सासूबाईंनी बोटाला प्लास्टिकची पिशवी बांधून भांडी घासली. संध्याकाळी तीच खबर लोधीखेड्याच्या नणंदेकडून मला परत आली. तोवर तिला बढती मिळाली होती; वर लिहिलं होतं, 'कलेक्टर साहेबांचा आदेश'.

यंदा मतदानाच्या सकाळी काकांनी पाठवलं, 'आपल्या वार्डाचं केंद्र बदललं. आता गावाबाहेरच्या शाळेत.'

समोरच्या कुसुमकाकू एकट्या राहतात, गुडघे पार गेलेले. त्या ऑटो करून तिकडे पोचल्या. तिथल्या यादीत नाव कुठून असणार! परत आल्या आणि ओट्यावर बसून रडायला लागल्या. "नावच काढलं बाई माझं. म्हणजे मी मेली असंच धरलं का त्यायनं?"

मी तडक काकांकडे गेले आणि जे तोंडाला आलं ते बोलले. काका तसेच उठले. अनवाणीच स्कूटर काढली, काकूंना मागे बसवलं आणि नेहमीच्या शाळेत नेलं. तिथे त्यांना सावलीत खुर्ची दिली आणि स्वतः बायकांच्या लायनीत उभे राहिले. बायका ओरडल्या. "काकूचा नंबर धरून राहिलो," काका म्हणाले. "खबर माही होती, तर ऊनही मीच खाईन."

काकूंचं मत पडलं. परत येताना त्या शाईचं बोट साऱ्या गल्लीला दाखवत आल्या.

दुपारी काका पायरीवर भाजलेल्या तळव्यांना खोबरेल लावत बसले होते. माझा राग ओसरला होता. विचारलं, "काका, खोटं आहे हे कळत नव्हतं?"

"शक तर होता."

"मग काऊन पाठवलं?"

त्यांनी मोबाइल पुढे केला. पुण्याच्या मुलाला रोज पाठवलेली फुलं, उगवता सूर्य, 'शुभ सकाळ'. खाली उत्तर एकाचंही नव्हतं.

"फुलायले कोणी काही म्हणत नाही, मॅडम. पोरगा बी आपल्या ग्रुपवर हाय; खोटं पाठवलं का फोन करते. रागावते. पण आवाज तर ऐकू येते."

तेवढ्यात फोन वाजलाच. काकांनी हाताचं तेल धोतराला पुसलं. मुलगा इतका तापला होता की मलाही ऐकू येत होतं. काका मान डोलवत होते, "हो रे बाबा, चुकलंच. हो. तू जेवला का?"

पलीकडून 'ठेवतो' आलं.

"थांब, थांब!" काका घाईने म्हणाले. "काल मी तुया मामाले बी एक पाठवलं हाय. ते तर याच्याहून खोटं हाय. त्याच्यासाठी बी माह्यावर रागव ना थोडा."