बिबटराव फांदीवरून आले त्याची गोष्ट

मुलांनो, जरा लांब लांब बसा. आजची गोष्ट खरजेची आहे.

एका जंगलाच्या कडेनं एक नदी वाहायची. नदीत मधोमध एक बेट होतं. अलीकडे वाघोजी महाराजांचं राज्य होतं. पलीकडे दुसरं जंगल होतं, आणि तिथं खरजेची साथ आली होती. साधीसुधी खाज नव्हे. आधी केस झडायचे, मग खाणंपिणं सुटायचं. तिथले कितीतरी कोल्हे त्यात दगावले होते.

बातमी कानावर आली तशी महाराजांनी राजवैद्य मुंगूसशास्त्रींना बोलावलं.

"समुद्रकाठच्या माणसांनी यावर फार पूर्वी उपाय काढलाय, महाराज," शास्त्री म्हणाले. "लांबून जहाज आलं की ते बंदराबाहेरच उभं करायचं. चाळीस दिवस कोणी उतरायचं नाही. पोटात दडलेला आजार असला तर तेवढ्यात बाहेर पडतो."

"चाळीसच का?"

"त्यांच्या पोथ्यांत तो आकडा मानाचा आहे म्हणतात."

पण जंगलात चाळीसपर्यंत मोजता यायचं ते फक्त गोमेला, आणि ती मोजू लागली की चालायचं विसरायची. म्हणून दिवसांऐवजी चंद्र धरला. दवंडी पिटली: जो कोणी नदी ओलांडून येईल, त्यानं पौर्णिमा होईपर्यंत बेटावर राहावं. मग तो राव असो की रंक.

पहिली अडकली साळूबाई. ही एक साळिंदर. बहिणीच्या बाळंतपणाला पलीकडे गेली होती, ती आता परत येत होती. अलीकडच्या काठावर तिचा नवरा दोन पिल्लांना घेऊन वाट बघत उभा होता.

पहाऱ्यावर रानडुक्कर हवालदार होते. त्यांनी तिला अडवलं.

"अहो हवालदार, माझ्या अंगावर एक पुळी तरी दिसते का?"

"दिसत नाही म्हणूनच थांबायचं, बाई. दिसली असती तर पलीकडेच ठेवलं असतं."

साळूबाईनं पिल्लांकडे बघितलं. धाकटं रडत होतं. तिला त्याला जवळ घ्यायचं होतं, आणि त्याच्याचसाठी जवळ जायचं नव्हतं. ती मुकाट्यानं बेटावर गेली.

तिच्यामागून एक ससा आला, एक म्हातारा सांबर आला. बेटावर साळूबाईचंच राज्य झालं. जवळ बसायचं नाही हे तिला कोणाला दोनदा सांगावं लागत नसे, कारण तिच्याजवळ बसणं कोणालाच परवडत नसे. ती कंद खणायची, सांबर जुन्या गोष्टी सांगायचा, ससा त्यातल्या चुका काढायचा. संध्याकाळी ती काठावर येऊन काटे वाजवायची. अलीकडच्या काठावरून पिल्लं आपले छोटे काटे वाजवायची.

सगळं नीट चाललं होतं. आणि बिबटराव आले.

बिबटराव म्हणजे महाराणींचे धाकटे भाऊ. पलीकडे शिकारीला गेले होते. हवालदारांनी त्यांना बेट दाखवलं, तेव्हा ते नुसते हसले आणि सरळ दरबारात जाऊन उभे राहिले.

"दाजी, मला म्हणे सशाबरोबर राहायला सांगतायत."

महाराजांनी राणीसाहेबांकडे बघितलं. राणीसाहेबांनी महाराजांकडे बघितलं. मग महाराजांनी बगळे प्रधानांकडे बघितलं.

प्रधान एका पायावर उभे राहून विचार करत होते. ते म्हणाले, "नियम नदी ओलांडणाऱ्यांना आहे. बिबटराव या काठावरच्या झाडाच्या, पार पलीकडे पोहोचलेल्या फांदीवरून आले. त्यांचा पाय पाण्याला लागला नाही. तेव्हा त्यांनी नदी ओलांडली असं म्हणता येत नाही. नदी त्यांच्या खालून गेली."

"खरूज फांदीवरूनही येते," मुंगूसशास्त्री म्हणाले.

"शास्त्रीबुवा, आपण औषधाचं बघा. कायद्याचं आम्ही बघतो."

दुसऱ्या दिवसापासून फांदीवर गर्दी झाली. माकडं आली, रानमांजरं आली, खारींचं अख्खं वऱ्हाड आलं. ज्यांना झाडावर चढता येत नव्हतं, त्यांच्यापुरता नियम कडक राहिला.

स्वागताच्या मेजवानीत बिबटराव कान खाजवू लागले. "प्रवासाचा शीण," ते म्हणाले. पाहुणे खाजवतायत आणि आपण स्वस्थ बसलोय हे बरं दिसत नाही, म्हणून प्रधानांनीही जरा मान खाजवली. मग सरदारांनी खाजवली. बघता बघता दरबारात ती रीतच पडली. ज्याला खाज नाही तो गावंढळ.

आठवड्याभरात कोणालाच खोटं खाजवावं लागेना. महाराजांच्या मिशा गळल्या. प्रधानांची पिसं उडाली आणि त्यांच्या दोन्ही पायांवर फोड आले, त्यामुळे विचार करायची पंचाईत झाली.

पौर्णिमा उगवली. हवालदार बेटावरच्यांना सोडवायला निघाले, पण निघण्याआधी झाडाला पाठ घासत राहिले. साळूबाईनं ते लांबूनच बघितलं.

"तिथंच थांबा, हवालदार. आता आम्ही नाही येत."

मागोमाग महाराज स्वतः काठावर आले. बेटावर सगळे धडधाकट आहेत हे त्यांना कळलं होतं.

"साळूबाई, आम्ही बेटावर येतो."

"पौर्णिमा होऊ द्या, महाराज. पुढची."

"हे राज्य माझं आहे."

"नियमही आपलाच आहे."

तेवढ्यात तिचा नवरा पिल्लांना घेऊन आला. धाकटं पाय खाजवत होतं. करंजाचं तेल खरजेवर चालतं हे साळूबाईला ठाऊक होतं. तिनं बेटावरच्या करंजाच्या शेंगा रात्रंदिवस ठेचून काठाकडे सोडल्या, आणि शास्त्रीबुवांनी त्यांचं तेल काढून आधी त्या पिल्लाला आणि मग महाराजांना लावलं. हा क्रम शास्त्रीबुवांनी ठरवला होता आणि कोणाला सांगितला नव्हता.

पुढच्या पौर्णिमेला जंगल बरं झालं. साळूबाई घरी आली. दोन्ही पिल्लं तिच्या अंगावर चढली, आणि काटे कसे सांभाळायचे हे तिघंही विसरली. दरबार भरला. साथीशी सर्वांत आधी झुंज दिल्याबद्दल बिबटरावांना शाल मिळाली. साळूबाईला ताकीद मिळाली.

पुढच्या वर्षी पलीकडे पुन्हा साथ आली. या वेळी प्रधानांनी आधीच ठरवून टाकलं. बेट ही जागा सर्वांत सुरक्षित असल्यानं तिथं राहण्याचा मान फक्त दरबारी मंडळींचा. महाराज गेले, प्रधान गेले, सरदार गेले. बिबटराव पलीकडच्या शिकारीवरून परस्पर बेटावर पोहोचले आणि सर्वांना कडकडून भेटले.

बेटावर पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. जंगलात मात्र त्या वर्षी कोणालाही खरूज झाली नाही. मुंगूसशास्त्री काठावरून रोज करंजाचं तेल पाठवत राहिले आणि अदबीनं विचारत राहिले, "महाराज, आणखी एक पौर्णिमा राहता ना?"

ज्यांना गोष्टीतून काहीतरी शिकल्याशिवाय उठवत नाही, त्यांच्यासाठी तात्पर्य: साथीच्या दिवसांत वशिलेवाल्यांना सर्वांत आधी अलग ठेवावं. पण तसा नियम चुकूनही करू नये, ते लगेच सवलत मागतील. हा तुमचा मान आहे, एवढंच सांगावं.