कप्तानाची वांगी

रविवारची मिस्सा, चर्चमधली प्रार्थना, संपली की तळेपाखाडीतले चार तगडे गडी देवळामागच्या छपरातून आगीचा बंब ओढून काढत आणि थेट गॅब्रियल कप्तानाच्या वांग्यांच्या वाडीत नेऊन उभा करत. याला कवायत म्हणत. दोघे या बाजूने, दोघे त्या बाजूने दांडा खालीवर करत. विहिरीतलं पाणी कॅनव्हासच्या जाडजूड पाइपातून फुसफुसत निघे. पाइपाची पितळी तोटी हातात धरून खुद्द कप्तान ओळीने एकेका वांग्याच्या झाडापाशी थांबत जाई आणि ओरडे, "आग उजवीकडे! आग डावीकडे! पुढच्या झाडाला... म्हंजे पुढच्या घराला!"

लढाईचे दिवस होते. मुंबईवर आज ना उद्या जपानी विमान येणार, अशी बोलवा होती. झावळ्यांच्या घरांनी भरलेल्या किनाऱ्यावरच्या गावांना सरकारने बंब वाटले तेव्हा तळेपाखाडीलाही एक मिळाला. कप्तान कोणाला करायचं यावर गावाने फार डोकं शिणवलं नाही. गॅब्रियल पूर्वी बोटीवर आगवाला होता, म्हणजे आगीतला माणूस. आगवाल्याचं काम भट्टीत कोळसा मारून आग पेटती ठेवायचं असतं, विझवायचं नसतं, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. गॅब्रियलच्या आलं होतं, पण लोखंडी टोप डोक्यावर चढल्यावर असल्या बारीकसारीक गोष्टी कोण बोलतो!

आणि खरं सांगायचं तर आपण काही वाईट करतोय असं त्याला मुळीच वाटत नव्हतं. कुंपणाने शेत खाल्लं तर बोंब मारावी. इथे कुंपण शेताला पाणी पाजत होतं! गड्यांना कवायत घडत होती, बंब गंजत नव्हता, आणि दर आठवड्याला चौघांच्या घरी वांगी पोचत होती. गावाला सगळं ठाऊक होतं. म्हातारी हौसाबाई कोळीण तेवढी येताजाता टोमणा मारी, "कप्तान, तुझी वांगी काय पेटतात रे दर आयतवारी?" त्यावर गॅब्रियल हसून दोन वांगी तिच्या पाटीत टाकी.

त्या रविवारी मात्र बंब छपरातून निघतोय न निघतोय, तोच भाईंदरकडून एक टांगा धूळ उडवत आला आणि देवळापुढे थांबला. आतून खाकी कपड्यातले एक मिशीवाले साहेब उतरले, रणदिवे नावाचे. मागून दोन शिपाई.

"ठाण्याहून आलोय. बंबाची तपासणी. कप्तान कोण?"

गॅब्रियलने चोरून आपल्या वाडीकडे पाहिलं. पण टोप त्याच्या डोक्यावर होता, बंब बाहेर होता, गडी रांगेत होते. त्याने टाच आपटून सलाम ठोकला.

"मी, साहेब!"

"वा! मी न कळवता आलो आणि तुम्ही तयार? कवायत कधी करता?"

"दर रविवारी, साहेब! पावसाचे महिने सोडून!" यातला शब्द न् शब्द खरा होता.

रणदिवे साहेबांनी बंबाभोवती फेरी मारली. दांड्याला तेल होतं. तोटीत तोंड दिसत होतं. पाइप गुंडाळून नीट बांधलेला. "वसईच्या बाजूला एका गावात बंबात कोंबडी अंड्यावर बसलेली सापडली हो," ते म्हणाले. "तुमचं काम पाहून बरं वाटलं. तुमचं नाव मी वर कळवणार आहे."

गॅब्रियल असा फुगला की टोप घट्ट होऊ लागला. गर्दीत त्याची बायको बर्नडेट उभी होती. तिच्याकडे त्याने ऐटीत पाहिलं. पण बर्नडेट त्याच्याकडे बघतच नव्हती. ती त्या गुंडाळलेल्या पाइपाकडे बघत होती, आणि तिचा चेहरा उतरला होता.

"आता प्रात्यक्षिक!" साहेबांनी हुकूम सोडला. तळ्याकाठच्या मोकळ्या जागेत सुक्या झावळ्यांचा ढीग रचला गेला. बंबाचा जाड नळ तळ्यात सोडला. गाव लोटलं. रणदिवे साहेबांनी स्वतः काडी लावली. झावळ्याच त्या, बघता बघता माणसाएवढ्या ज्वाळा उठल्या.

"बंब चालू!" गॅब्रियल गरजला.

धर्माने दांड्यावर सगळा भार टाकला. हा धर्मा कोळी गॅब्रियलचा उजवा हात. बंबाच्या छपराची किल्ली त्याच्याच कमरेला असे. चौघे दात ओठ खाऊन दांडा हाणू लागले. पाइप फुगला, वळवळला. गॅब्रियलने तोटी रोखली आणि मागे रेलून उभा राहिला.

तोटीतून थेंब थेंब पाणी गळू लागलं.

आणि मागे पाइपाच्या अंगातून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सारख्या अंतरावर बारीक बारीक कारंजी उडाली! एक थेट रणदिवे साहेबांच्या मिशीत. एक शिपायाच्या कानात. बायका किंचाळत मागे सरल्या, पोरं आनंदाने पुढे धावली. आगीवर सोडून पाणी सगळ्या गावावर पडत होतं.

"जोरात मार, धर्मा! जोरात!"

"मारतोय ना! आजून किती मारू? हात तुटतील!"

जितका जोर, तितकी कारंजी उंच. इतक्यात समुद्राकडून वाऱ्याची एक झुळूक आली. एक पेटती झावळी उचलली गेली आणि थेट हौसाबाईच्या घराच्या कुंपणावर जाऊन पडली. कुंपण झावळ्यांचं, पलीकडे तिचे बोंबील वाळत टाकलेले, त्याच्या पलीकडे तिचं झावळ्यांचंच घर.

"माझा घर!" म्हातारीने टाहो फोडला.

मग मात्र कोणी कप्तानाची वाट पाहिली नाही. बायकांनी घागरी, हंडे, पाट्या, जे मिळेल ते तळ्यात बुडवलं. धर्माने दांडा सोडला आणि कुंपण मुळासकट उपटून वाळूत लोटलं. गॅब्रियलने डोक्यावरचा टोप काढला, तळ्यातून भरभरून आगीवर ओतला. त्या टोपाने आग विझवायचं हे पहिलंच काम केलं. घर वाचलं, बोंबील वाचले. कुंपणाची मात्र राख झाली.

हौसाबाई त्या राखेपाशी मटकन बसली. गॅब्रियल तिच्याकडे पाहत उभा राहिला आणि जन्मात पहिल्यांदा त्याला स्वतःची लाज वाटली. वांगी, सलाम, वर जाणारं नाव, सगळं त्याच्या मनातून धुऊन गेलं. वारा थोडा जास्त असता तर?

रणदिवे साहेबांना मिशी पुसायलाही वेळ नव्हता. त्यांनी पाइप उचलून डोळ्यांजवळ नेला. "ही भोकं झिजून पडलेली नाहीत. मुद्दाम पाडलीत! लढाईच्या काळात सरकारी पाइपाला भोकं म्हणजे घातपात आहे, घातपात! किल्ली कोणाकडे असते?"

धर्माने कमरेला हात लावला. "माझ्याकडं, साहेब."

"याला टांग्यात घाला!"

शिपायांनी धर्माला दोन्ही बाजूंनी धरलं. धर्माने फक्त मान वळवून गॅब्रियलकडे पाहिलं. त्याने शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

आता गप्प राहिलं तर कप्तानी वाचत होती, आणि धर्मा जात होता. पण गॅब्रियलचे पाय आपोआप पुढे झाले.

"साहेब, त्याला सोडा. चूक माझी हाय. हा पाइप मी माझ्या वाडीत वापरत व्हतो. वांग्यांना पानी घालायला."

रणदिवे साहेब थबकले. मग त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक पसरलं. "शाबास! आपल्या माणसासाठी दोष अंगावर घेताय. असा कप्तान मी पाहिला नाही!"

"न्हाय साहेब, खरंच वांगी—"

"पुरे! तुमचा मोठेपणा समजला."

"मोठेपना कसला! वांगी हायत, वांगी! एवढाली!" गॅब्रियलने दोन्ही हातांनी माप दाखवलं. "अवो, कोनी सांगा ना साहेबाला!"

एरवी तोंडाला कुलूप लावलेलं गाव एकदम बोलू लागलं. "खरं हाय साहेब, आमी खाल्ली!" "भरून केली तर लोन्यासारखी लागतात!" साहेबांचा विश्वास बसेना. शेवटी गॅब्रियलनेच पाइप खांद्यावर टाकला आणि पुढे कप्तान, मागे साहेब, त्यामागे शिपायांमधला धर्मा आणि मागे अख्खी पाखाडी अशी वरात वाडीत गेली. स्वतःचा गुन्हा शाबीत करायला एवढी धावपळ करणारा आरोपी त्या शिपायांनी कधी पाहिला नव्हता.

गॅब्रियलने पाइप वांग्यांच्या ओळीत पसरला. "बघा! ओळीएवढाच हाय की न्हाय?"

साहेब वाकले. पहिलं भोक पहिल्या झाडापाशी. दुसरं दुसऱ्या झाडापाशी. ओळीच्या टोकापर्यंत एकही भोक चुकलं नव्हतं. मधे एक झाड मेलं होतं, तिथे भोकही नव्हतं.

"वा!" साहेब सरळ होत म्हणाले. "घातपात नव्हे, शेती. काय डोकं लढवलंत, कप्तान!"

पण कप्तानाचेच डोळे पांढरे झाले होते. "साहेब, पानी मी घालत व्हतो, ते कबूल. पन तोटीनं! ही भोकं माझी न्हायत!"

"मग काय वांग्यांनी पाडली?"

"मी पाडली."

सगळ्या माना वळल्या. बर्नडेट पदर खोचून पुढे आली होती. तिच्या आवाजात भीती कमी आणि राग जास्त होता.

"गेल्या आयतवारी हे गेले वसईला बहिनीकडं जेवायला. मना सांगून गेले, वाडी भिजवून ठेव. आता हा एवढा अजगर मी एकटी बाई कुठं ओढत बसू? गडी विहिरीवर, मी इकडं. दाभन घेतला आन् झाडागनिक भोक पाडला. पाइप नुस्ता पसरला, तोटीला बूच मारला. एका जागी बसून सगली वाडी भिजली."

"बाई," साहेब कडाडले, "सरकारी पाइपाला भोकं पाडताना काही वाटलं नाही?"

"सरकारी?" बर्नडेटने डोळे मोठे केले. "साहेब, आयला तवापासून तो आमच्याच वाडीत पडतोय. मना वाटलं, आमचाच हाय."

यावर कोणाला हसू आवरेना. गॅब्रियलला मात्र हसू आलं नाही. इतके महिने आपण काय करत होतो, ते त्याला कोणी इतक्या थोडक्यात सांगितलं नव्हतं.

रणदिवे साहेबांनी शिपायांना खूण केली. धर्मा सुटला. मग ते गॅब्रियलकडे वळले. "बाईंनी पाइप शिवून द्यायचा, ठिगळं लावून. हौसाबाईंचं कुंपण तुम्ही स्वतः बांधायचं. आणि तुमची कप्तानी संपली. टोप द्या."

गॅब्रियलने टोप काढून दिला. तो अजून तळ्याच्या पाण्याने ओला होता. त्याचे डोळे भरून आले.

"नवा कप्तान कोण?" साहेबांनी गावाला विचारलं. "धर्मा, तू होतोस?"

धर्मा लाजला. त्याची नजर हळूच पाइपाकडे गेली, तिथून किनाऱ्याकडे, आणि परत पाइपाकडे आली.

"काय बगतस रे?" हौसाबाई मागून ओरडली. "तुझी होडी धुवाची हाय का बंबानं?"

धर्माने झटकन मान खाली घातली. साहेबांनी दुसऱ्या गड्याकडे पाहिलं. त्याची नागवेल होती. तिसऱ्याकडे पाहिलं, त्याच्या केळी होत्या. चौथा तर आधीच घराकडे निघाला होता.

तेव्हा हौसाबाई काठी टेकत पुढे आली. अंगावर अजून कुंपणाची राख होती. तिने साहेबांच्या हातातला टोप घेतला.

"साहेब, ह्यालाच राहू द्या."

"आजी, तुमचंच घर जळत होतं ना यांच्यामुळे?"

"म्हनून तर सांगतंय. नवा कप्तान केला तर त्याच्यावर पयल्यापासून नजर ठेवाची. तो कवा, कसा खाईल, कोनाला ठावं? ह्यो पकडलेला हाय. पकडलेला मानूस सोडू नये."

मग एकाने मान हलवली, मग दुसऱ्याने, आणि बघता बघता सगळी वाडी माना डोलावू लागली. रणदिवे साहेबांनी डोकं खाजवलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत कप्तान निवडण्याचं याहून पटणारं कारण त्यांनी ऐकलं नव्हतं. निवड एकमताने झाली. हौसाबाईने टोप गॅब्रियलच्या डोक्यावर दाबून बसवला. इतका अपमान आणि इतका आनंद त्याला एकाच वेळी कधी झाला नव्हता.

साहेबांचा टांगा गेला. ऊन चढलं, वांगी मान टाकू लागली. बर्नडेटने घागर त्याच्यापुढे ठेवली. गॅब्रियलने ती विहिरीत बुडवली, भरून खांद्यावर घेतली आणि वळला, तर कुंपणावरून धर्मा डोकावत होता, फाटकात हौसाबाई उभी होती, आणि रस्त्यावरून अर्धी पाखाडी बघत होती.

"कप्तान," धर्माने विचारलं, "घागर कोनाची?"

"माझीच हाय रे!" गॅब्रियल कळवळून ओरडला. "देवाशपथ, माझीच हाय!"

"बघू," म्हणत हौसाबाई फाटकातून आत आली.