चांदणीचा थांबा

ग्यानोबांनी सहलीचं वेळापत्रक टाइप करून आणलं, तेव्हा बानोनं ते न वाचताच ज्वारीच्या पिठाचा डबा खाली काढला. सहा माणसं, दोन दिवस, म्हणजे भाकरींचा ढीग. एसटीत कंट्रोलर म्हणून नोकरी केलेल्या ग्यानोबांना निवृत्तीनंतर सोडायला गाड्या उरल्या नव्हत्या, म्हणून ते गल्लीतली माणसं सोडत. गेल्या वर्षी त्यांनी सगळ्यांना कंधारच्या किल्ल्यावर सोडलं होतं. यंदा लातूरच्या आसपासची घोड्यांच्या शर्यतीची मैदानं निघाली होती. शनिवारी दोन, रविवारी निलंग्याकडचं एक.

"मकबूलभाई घोड्यातला मानूस हाय," ग्यानोबा म्हणाले. "त्यानं समजावून सांगायचं, आपन बघायचं."

मकबूलनं, म्हणजे बानोच्या नवऱ्यानं, डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. सहल अजून चार दिवसांवर होती.

नांदेडात शेवटी जे दोन-तीन टांगे उरले होते, त्यातला एक मकबूलचा. सहा वर्षं तो चांदणी नावाची घोडी ओढत होती. कपाळावर पांढरा ठिपका, डावा कान जरा फाटका. रोज दुपारी बानो इतवाऱ्याच्या कोपऱ्यावर डबा घेऊन उभी राहायची आणि हिरवी पिशवी वर करायची. टांगा बरोबर तिच्यापुढं येऊन थांबायचा. आत मकबूल लगाम सैल सोडून डुलक्या काढत असला तरी थांबायचा. चांदणीला वरची गूळ लावलेली भाकर, मकबूलला खालचा डबा. बायको दिसली की ह्यांच्याच्यानं पुढं जाववत नाही, असं बानो गल्लीतल्या बायकांना मोठ्या तोऱ्यात सांगायची.

मग मकबूलनं बॅटरीची रिक्षा घेतली आणि चांदणी विकली. हैदराबादच्या एका वरातवाल्याला दिली, आता नुसती नवरदेव घेऊन मिरवते, खाऊन-पिऊन सुखी आहे, असं त्यानं घरी सांगितलं. बानो महिनाभर बोलली नाही. कोपऱ्यावर डबा न्यायचं तिनं जे सोडलं ते सोडलंच. दोन वर्षं झाली, मकबूल आपला डबा सकाळीच घेऊन जात होता.

सहलीला मात्र तिनं त्याला ओढूनच नेलं. निदान घोड्याचं तोंड तरी दिसेल, एवढंच तिच्या मनात होतं.

शनिवारचं पहिलं मैदान गाठलं तेव्हा कळलं की शर्यत शुक्रवारीच होऊन गेली. लीद आणि एक पानवाला तेवढा शिल्लक होता. दुसऱ्या मैदानावर मालकानं हरभरा पेरला होता आणि तो काठी घेऊन बांधावर बसला होता. ग्यानोबांनी वेळापत्रकावर दोन्ही ठिकाणी बरोबरची खूण केली. मैदान बघायचं ठरलं होतं, घोडे बघायचे असं कुठं लिहिलं होतं, हे त्यांचं म्हणणं.

रविवारी मात्र निलंग्याकडच्या माळावर खरोखरच घोडे होते. मकबूल भाड्याच्या जीपमधून उतरायला तयार होईना. बानो हिरवी पिशवी घेऊन एकटीच घोड्यांकडे गेली आणि तिसऱ्या खुंट्यापाशी तिचे पाय थबकले. पांढरा ठिपका. फाटका कान.

घोडीचा मालक सुदर्शन तिशीतला, अंगानं काटक. घोडी आपणच पळवतो, म्हणाला. दोन वर्षं जीव लावला, पण ही दर वेळी चौथी येते. "आज पहिल्या तिनात आली तर ठिवतो, मावशी. न्हाईतर उद्याच बाजार. रिकामं खानारं तोंड कोन सांभाळनार?"

बानो तशीच जीपकडे आली.

"अजी, हैदराबादची वरात निलंग्याला कशी काय आली?"

मकबूलनं खाली बघितलं. बराच वेळ त्याला आपल्या चपलेचा अंगठा नीट बसत नव्हता. "खरं सांगितलं असतं तर तू नेऊ दिली नसतीस," तो शेवटी म्हणाला. "आन् मलाबी मग देववली नसती."

 बानो जाऊन शेवटच्या खुणेजवळ दोरीला लागून उभी राहिली. चांदणी तिसरी आली तरी पुरे, इतकंच ती मागत होती.

घोडे सुटले. वळणावर चांदणी चौथी होती, मग तिसरी, मग दुसरी. धूळ उडाली आणि त्या धुळीतून पांढरा ठिपका सगळ्यांच्या पुढं निघाला. माळावर जो तो हातात असेल ते वर करून नाचवत होता, कुणी टॉवेल, कुणी टोपी, ग्यानोबा वेळापत्रक. बानोच्या हातात पिशवी होती. तिनं ती वर केली.

चांदणीचे कान टवकारले. भर दौडीतच ती दोरीकडं वळली. खुणेच्या दोन हात अलीकडं तिनं चारी पाय रोवले, आणि ती दोरीशी, डावा खांदा बानोकडे करून, शांत उभी राहिली. सुदर्शन मात्र थांबला नाही. तो पुढं जाऊन कडब्याच्या गंजीत पडला. चांदणीनं पिशवीत तोंड घातलं. बाकीचे पाची घोडे शेजारून गेले.

"टायमावर थांबली," ग्यानोबा हळूच म्हणाले.

बानो घोडीच्या मानेला धरून रडत होती. दोन हात राहिले होते फक्त. पिशवी खाली ठेवली असती तर, सहलीला आलीच नसती तर. सुदर्शन अंगावरचा कडबा झटकत आला, तेव्हा तिनं सगळं सांगून टाकलं, डब्यापासून.  उत्तर दिलं ते शर्यत बघायला आलेल्या त्याच्या आईनं, धोंडाबाईनं. ती लेकाच्या फटफटीवर बसून गावात दुधाचा रतीब घालत होती.

"आरं, मला थांबनारीच पायजे की. तुजी फटफटी दर दारात बंद करा, चालू करा. हिला गाडीला जुंप. बाया भांडं वर करतील, ही हुबी ऱ्हाईल."

चांदणीचा बाजार टळला. आता ती साऱ्या गावातल्या बायकांसाठी थांबणार होती. बानोनं हिरवी पिशवी धोंडाबाईच्या हातात दिली आणि भाकरीला गूळ लावायचा विसरू नका म्हणाली. परतीच्या वाटेवर मकबूल सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होता. लोह्याच्या पुढं कधीतरी बानोनं त्याच्या हातात पाण्याची बाटली दिली, तेवढ्यावर दोन वर्षांचं भांडण मिटलं.

सोमवारी सकाळी तिनं त्याला डबा दिला नाही. दुपारी नवी पिशवी घेऊन ती इतवाऱ्याच्या कोपऱ्यावर जाऊन उभी राहिली. रिक्षा आली. आत मकबूल चांगला जागा होता, समोर बघत होता. बानोनं पिशवी वर केली.

रिक्षा आवाज न करता तिच्या समोरून निघून गेली.

बानो बराच वेळ हात तसाच वर धरून उभी होती. मग तिनं पिशवी उघडली. वरची भाकर सवयीनं गूळ लावूनच आणली होती. ती तिनं तिथंच, कोपऱ्यावर उभ्या उभ्या, स्वतः खाल्ली.