सुमनची सायकॉलॉजी

सुमनला कुणी काही सांगायला गेलं की ती मान कलती करते आणि विचारते, "मग तुला काय वाटलं?" भाजीवाल्याने मेथी महाग केली तरी तेच. तो बिचारा म्हणाला, "मावशी, मला काय वाटायचंय? घ्यायची तर घ्या."

दिवा स्टेशनजवळच्या आमच्या चाळीत ती माझी चाळीस वर्षांपासूनची शेजारीण. पण हे खूळ नातीमुळे लागलेलं. नात प्राची ठाण्याला कॉलेजात सायकॉलॉजी शिकते. त्यांना प्रॅक्टिकलला एक माणूस लागतं, त्याला सब्जेक्ट म्हणतात. सुमन सब्जेक्ट. इस्त्रीची साडी नेसून जाते. मुली तिला वीस शब्द वाचून दाखवतात आणि किती आठवले ते लिहून घेतात. मग आठ दिवस आम्हाला तेच, "अकरा आठवले मला."

मला टँकरच्या रांगेतल्या तीस घरांचे नंबर पाठ आहेत. मला कोण बोलावतंय? जळायचे मी, खोटं कशाला बोलू. मी चौथी शिकलेली. नवरा गेला, तेव्हा पोरगा कडेवर, धाकटी मुलगी पोटात. दहा घरची भांडी घासली. धाकटी तापाने गेली, तर चौथ्या दिवशी कामावर हजर. मला काय वाटलं ते कुणी विचारलं नाही.

एकदा टोमणा मारलाच. "एवढी फी भरून पोरगी शिकली काय?"

"गप्प बसायला शिकली," सुमन म्हणाली. "समोरचा बोलत असला की मधे तोंड घालायचं नाही. मला अजून जमत नाही गं."

परवा प्राची वही घेऊन माझ्या दारात. कुणा म्हाताऱ्या बाईची हकिकत लिहायची होती.

"तुझी आजी आहे की."

"आजीच म्हणाली, तुमची घे."

बोलले मी. धाकटीपाशी येऊन अडकले. प्राची काही बोलली नाही. 'देवाची मर्जी' नाही की 'रडू नका' नाही. नुसती बसून राहिली. किती वर्षांनी मी धाकटीचं नाव घेतलं.

ती उठून गेल्यावर बघते, तर सुमन बाहेर पायरीवर.

"इतका वेळ इथंच बसलीस?"

"कुणी मधे येऊ नये म्हणून." मग पदराशी चाळा करत हळूच म्हणाली, "त्यात मी आले का गं कुठं?"

तापलेल्या धाकटीला उचलून दवाखान्यात धावली होती ती हीच. आणि मी तिचं नावही काढलं नव्हतं.

"पोरीला हाक मार," मी म्हटलं. "थोडं लिहायचं राहिलंय."