हायपरोडापेडॉनचे हिरवे केस

"पूर्व विदर्भातला एकमेव शास्त्रशुद्ध गुप्तहेर," अशी आपली ओळख गोपीचंदराव स्वतःच करून देत. दुसरं कोणी देत नसे. सानगडीच्या तीन हरवलेल्या शेळ्यांचा छडा त्यांनी लावला होता. दोन आपणहून घरी आल्या, तिसरी त्यांच्याच वांग्यांच्या वाफ्यात सापडली. त्यांचे सहायक सोमाजी कीर्तनवेडे होते. पूर्वरंग कितीही लांबला तरी उत्तररंगात देव भेटतोच, या भरवशावर ते गोपीचंदरावांचंही ऐकून घेत.

आज मात्र सोमाजींचा धीर सुटला होता. नात रुचितानं साकोलीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तळ्याच्या मातीचा हायपरोडापेडॉन घडवला होता. तेवीस कोटी वर्षांपूर्वीचा चोचवाला प्राणी. खाली पाटी, 'वर्ग : सरीसृप'. भेगा पडू नयेत म्हणून चार दिवस ओल्या पोत्यात गुंडाळला. सकाळी पोतं सोडलं, तर पाठभर हिरवे केस! साकोलीची बस अकराला, आणि पोरगी रडून राहिलेली.

गोपीचंदरावांनी भिंग लावलं. "केस! म्हणजे हा सस्तन. पाटी खोड, पोरी."

"अंडे घालत होता जी तो!"

"कोणी पाहिलं? साक्षीदार आण."

"पण हिरवे काहून?" सोमाजींनी विचारलं.

"वैऱ्यानं मेंदी लावली."

"मेंदीनं लाल होते जी."

"वैरी अडाणी असंल." मग पुरावा म्हणून त्यांनी एक केस चावला आणि तोंडात रस लागताच दचकून दोन पावलं मागे सरले. "सोमाजी, हा जिता हाय! उत्क्रांती होऊन राहिली!"

कोंबड्या हाकलत रुचिताची आजी केशरबाई आल्या, वाकल्या. "अवं, धान हाय हे. मातीत कोंडा कालवला ना तुनं? त्यात दाणे राहिले असतीन. चार दिवस ओल्या पोत्यात ठेवलं, मंग उगवंल नाही तं काय?"

सोमाजींनी बायकोला हात जोडले.

"माझाही रोख तिकडंच होता," गोपीचंदराव म्हणाले.

"उपटू का आजी?"

"नोको माय, पाठ निघंल त्याची."

रुचितानं डोळे पुसले आणि दुसरी पाटी लिहायला घेतली.

साकोलीत परीक्षकांनी चष्मा सावरून वाचलं : 'प्राणी : हायपरोडापेडॉन. वर्ग : सरीसृप. नामशेष.' खाली, 'पाठीवर : ओरायझा सटायव्हा, म्हणजे धान. वर्ग : एकबीजपत्री. हयात.'

"हा खात काय होता, बाळ?"

"झाडपाला, सर."

"म्हणजे डबा पाठीवर घेऊनच आला की!" हसत हसत त्यांनी पहिला क्रमांक लिहिला.

सोमाजींनी परीक्षकांनाही हात जोडले. मागून गोपीचंदराव परीक्षकांच्या कानाशी वाकले. "सर, तो अजून वाढून राहिला. पण घाबरू नका. मी नजर ठेवून आहे."