मुकुंदा साळिंदर जपानला जाऊन येतो

एका जंगलात मुकुंदा नावाचं एक साळिंदर अभ्यास करत बसलं होतं. अभ्यास म्हटल्यावर तोंडं वाकडी करू नका, बाळांनो. आपल्या गोष्टीत अभ्यास फार वेळ टिकणार नाही.

त्या जंगलातल्या तळ्यावर दर हिवाळ्यात जपानहून क्रौंचबाई यायच्या. पाण्यात एका पायावर उभ्या राहून स्वतःशीच काहीतरी पुटपुटायच्या. त्या काय म्हणतात, हे मुकुंदाला लहानपणापासून जाणून घ्यायचं होतं. मोठा झाल्यावर त्याला कळलं की बाई तिकडे एका भाषाशाळेत शिकवतात. बाहेरून आलेल्या प्राण्यांना तिथे जपानी शिकवतात. फक्त जाण्याआधी घरी थोडी तयारी करायची आणि तळ्याकाठच्या मुलाखतीत चार वाक्यं जपानीत बोलून दाखवायची.

मुकुंदा तयारीला लागला. शाळेनं दिलेलं पुस्तक समोर ठेवून तो ओल्या मातीत स्वतःच्याच काट्यानं अक्षरं गिरवायचा, पुसायचा, पुन्हा गिरवायचा. ‘हाजिमेमाशिते’, म्हणजे आपली पहिल्यांदाच भेट होते आहे, असं तो बेडकांना रोज वाकून म्हणायचा. बेडूक वैतागले, पण मुकुंदाची जीभ वळायला लागली.

मग त्याच्या आईनं पाणवठ्यावर बातमी सांगितली. आईच ती, तिला राहवलं नाही.

दुसऱ्या दिवशी वडाला फ्लेक्स लागला. जंगलात फ्लेक्स कुठून आला, असं विचारू नका. फ्लेक्स सगळीकडे असतो. ‘जंगलाचे भूषण मुकुंदा यांची जपानभरारी! हार्दिक अभिनंदन!’ मधोमध भाऊसाहेब हत्तींचा फोटो होता. भाऊसाहेब जंगलाचे पुढारी. मुकुंदा खाली कोपऱ्यात होता, तोही अर्धा रानडुकराच्या कानामागे.

मुकुंदा धावत भाऊसाहेबांकडे गेला. "भाऊसाहेब, अहो, माझी अजून मुलाखत व्हायचीय!"

"होईल की. मी आहे ना."

"पण जपानीत बोलायचंय. अभ्यास करायला हवा."

"बोलशील रे. आधी सत्कार तर होऊ दे. तारीख दिलीय मी."

सत्कार झाला. भाऊसाहेबांनी मुकुंदाला शाल पांघरवली, काट्यांनी तिची चाळण केली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग हरणांनी निरोपाच्या जेवणाला बोलावलं. हरणांकडे गेलास, आमच्याकडे का नाही, म्हणून सशांनी अबोला धरला. सशांकडे गेल्यावर म्हशी रुसल्या. सकाळी सत्कार, दुपारी जेवण, संध्याकाळी काट्यांत अडकलेल्या शाली सोडवत बसायचं. प्रत्येक ठिकाणी भाषण करावं लागे. नाही म्हणणं मुकुंदाला जमेना. पोरगं चांगल्या वळणाचं होतं, तेच त्याला नडलं. मातीतली त्याची अक्षरं वाळली आणि त्यांच्यावरून म्हशी गेल्या.

मुलाखतीचा दिवस आला. क्रौंचबाईंनी जपानीत हळूच विचारलं, "तुमच्याविषयी सांगा."

मुकुंदानं तोंड उघडलं आणि इतके दिवस तोंडात बसलेलं तेवढंच बाहेर आलं. "सन्माननीय व्यासपीठ, आणि माझ्यावर जिवापाड प्रेम करणाऱ्या तमाम प्राणिबांधवांनो..."

बाईंनी वाट पाहिली. मुकुंदा आभार मानतच राहिला. त्याला थांबायचं होतं, पण आभार संपेचनात. शेवटी बाई कमरेत वाकल्या, पुढच्या हिवाळ्यात या म्हणाल्या आणि पाण्यात निघून गेल्या.

मुकुंदा रडत भाऊसाहेबांकडे आला.

"हळू बोल!" भाऊसाहेबांनी सोंडेनं त्याचं तोंड दाबलं आणि टोचल्यावर झटकन सोंड काढली. "नापास? फ्लेक्सवर माझा फोटो आहे, बाळ. तू असं कर, जपानला जा."

"पण मला तर—"

"म्हणजे पलीकडच्या दरीत जा. वर्षभर तोंड दाखवू नकोस. मग परत ये. बाकीचं मी बघतो."

आईनं डोळे पुसत डबा बांधून दिला. तिला खरं सांगायचं मुकुंदाच्या जिवावर आलं.

दरीत कुणीच नव्हतं. शाल नव्हती, जेवणावळ नव्हती, रुसायला ससे नव्हते. दुसरं काही करता येण्यासारखं नसल्यामुळे मुकुंदानं अभ्यास केला. पुस्तक संपलं, तसं पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

हिवाळ्यात क्रौंचबाई तळ्याकडे जाता जाता दरीतल्या ओढ्यावर उतरल्या. एका पायावर उभ्या राहिल्या आणि नेहमीसारखं पुटपुटल्या. मुकुंदानं कान टवकारले. बाई म्हणत होत्या, "पाय फार गारठलेत बाई."

इतकी वर्षं त्या एवढंच म्हणत होत्या! मुकुंदाला इतका आनंद झाला की हसू आणि रडू एकदमच आलं. तो जपानीत म्हणाला, "बाई, अशा इकडे या. इथे ऊन आहे."

दोघं उन्हात बसून पोटभर बोलले. बाई म्हणाल्या, "यंदा शाळेत एक जागा आहे, ती तुमची. मी परत जाताना बरोबर चला. मात्र तुमच्या जंगलाची संमती हवी. तिच्याशिवाय आमची शाळा कुणाला नेत नाही."

मुकुंदा पळत सुटला. जंगलाच्या वेशीवर नवा फ्लेक्स होता. ‘जपानहून परतलेले मुकुंदा यांचा जाहीर सत्कार.’ फोटो तोच होता.

"आलास? अगदी वेळेवर आलास!" भाऊसाहेब म्हणाले.

"भाऊसाहेब, मला जागा मिळाली! आता खरंच जायचंय."

"अरे, जाऊन आलेला पुन्हा शिकायला जातो का कधी? मग पहिल्यांदा काय केलं, असं विचारतील ना सगळे. चल, मंडळी खोळंबलीत."

मुकुंदाला ढकलत व्यासपीठावर नेलं. पहिल्या रांगेत आई बसली होती, अभिमानानं रडत. तिच्याकडे बघून आपल्या भाषेत खरं सांगायची त्याची छाती झाली नाही. पण तळ्याच्या कडेला क्रौंचबाई उभ्या होत्या. मुकुंदानं डोळे मिटले आणि जपानीत बोलायला सुरुवात केली.

"मी जपानला गेलेलो नाही. मी दरीत लपलो होतो. मला शिकायचं आहे. हात जोडतो, मला जाऊ द्या."

जंगलानं कडकडून टाळ्या वाजवल्या. "काय फाडफाड बोलतो!" ससे म्हणाले. भाऊसाहेबांनी डोळे टिपले. आईनं शेजारणीला सांगितलं, "माझा मुकुंदा."

मुकुंदाचं बोलणं एकट्या क्रौंचबाईंना कळलं होतं, पण इतरांनाही ते कळलंय असं त्यांना वाटलं. एवढी विनवणी केली तरी ‘जा’ असं कुणीच म्हटलं नाही, जंगलानं टाळ्या वाजवून नकार दिला, हे पाहून त्यांना फार वाईट वाटलं. त्या मुकुंदाकडे बघून खोल वाकल्या आणि उडून गेल्या.

भाऊसाहेबांनी मुकुंदाला शाल पांघरवली. या वेळी ती जाड होती, काट्यांनीही फाटली नाही.

तात्पर्य: परदेशी शिकायला जायचं तर आधी भरपूर अभ्यास करा, असं तुमचे गुरुजी सांगतील. त्यांचं ऐकू नका. अभ्यासानं भाषा येते, आणि भाषा आली की खरं बोलावंसं वाटतं. त्यापेक्षा आधी सत्कार करून घ्यावा. मग जायचीही गरज उरत नाही.